ओल्या साड्यांच्या गोधड्या

गाठोडं दारात उतरवून रिक्षावाला निघून गेला आणि सासूबाईंनी, म्हणजे अक्कांनी, गाठोड्याकडे बोट दाखवून विचारलं, "हे काय?"

मानसी रेल्वेची सगळी धूळ अंगावर घेऊन उभी होती. एका हातात थर्मास, दुसऱ्या खांद्यावर झोपलेला सुमीत. तिच्या नवऱ्यानं, यशोधननं, बूट काढायला इतक्या मन लावून सुरुवात केली होती की नाड्यांच्या गाठी सोडवण्यासाठीच बँकेनं त्याला नोकरीत ठेवलंय असं वाटावं. अक्कांच्या प्रश्नाचं उत्तर तिघांनाही माहीत होतं. तिघांतला एक पाच वर्षांचा होता आणि नेमका झोपेत होता, एवढीच काय ती देवाची कृपा.

"साड्या आहेत," मानसी म्हणाली.

"एवढ्या? आणि कुणासाठी गं?"

"प्रवासात कापडं गोळा केली, अक्का. गोधड्या करणार आहे. सगळ्यांना भेट द्यायला."

हे वाक्य ऐकून सगळ्यात जास्त दचकली ती मानसीच. शाळेत शिवणाच्या तासाला तिनं एक रुमाल केला होता. बाईंनी तो उंच धरून 'असा करू नये' म्हणून वर्गाला दाखवला होता. त्यानंतर तिनं सुई धरली ती बटणापुरती. यशोधननं बुटातून मान वर करून तिच्याकडे पाहिलं, मग पुन्हा बुटात घातली. गोधड्या ठरल्या.

खरी गोष्ट अशी होती. बँकेचा एलटीसी, म्हणजे सहलीचा प्रवासखर्च, न घेता सोडला, तर बँकेतले लोक त्या माणसाकडे त्याला काही असाध्य झाल्यासारखे बघतात, म्हणून यशोधननं दक्षिणेची सहल काढली होती. सगळ्या दक्षिणेत मानसीनं सुमीतचं मनगट सोडलं नाही. लोक गोपुरं बघत होते, ती मनगट बघत होती. आणि एका देवळात प्रसादाचा द्रोण दोन्ही हातांनी घ्यावा लागतो म्हणून तिनं मनगट सोडलं. द्रोण हातात आला, वळून बघते तर सुमीत नव्हता.

तिला तिथली भाषा येत नव्हती. ती नुसतं त्याचं नाव घेत हिंडत राहिली. लोकांना वाटलं, बाई कुठलं तरी स्तोत्र म्हणतेय. एकदोघांनी हात जोडले. शेवटी आवारातल्या एका दुकानात तो सापडला. देवीला नेसवलेल्या साड्या भाविकांना विकायचं दुकान होतं ते. साड्यांचा ढीग उशाला-पायाला घेऊन सुमीत गाढ झोपला होता. मानसीनं त्याला छातीशी उचललं आणि त्याच्या चड्डीचा ओलावा तिच्या हाताला लागला.

दुकानदारानं वरची साडी उचलून धरली. ओली. खालची उचलली, तीही ओली. तिच्या खालची, तिच्याही खालची. मानसी बी.एस्सी. झालेली होती, द्रव पदार्थ खालच्या दिशेनं झिरपतो हे तिनं परीक्षेत आकृती काढून लिहिलं होतं. पण ते भर आवारात, एक-एक साडी झेंड्यासारखी फडकवून, परक्या भाषेत कुणी सिद्ध करून दाखवेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. भोवती माणसं जमली. यशोधननं मुकाट्यानं पाकीट काढलं. गाठोडं झालं.

परतीच्या गाडीत दोघांनी ठरवलं, अक्कांना सांगायचं नाही. हरवल्याचं नाही, आणि साड्यांचं तर मुळीच नाही.

ह्यालाही कारण होतं. सुमीत सातव्या महिन्यात जन्मला तेव्हा मूठभर होता. अक्कांनी त्याला कापसात गुंडाळून, कोळशाची शेगडी खाटेखाली ठेवून, रात्रंदिवस मांडीवर घेऊन वाचवला होता. मानसी तेव्हा स्वतःच अंथरुणाला खिळलेली होती. सुमीत आपला आहे आणि सुनेकडे तो राखायला दिलाय, अशी अक्कांची तेव्हापासूनची समजूत होती. त्या बोलून दाखवत नसत. बोलून दाखवलं असतं तर मानसीला भांडता तरी आलं असतं.

प्रवासाहून आल्यापासून सुमीत रोज अंथरूण ओलं करू लागला आणि झोपेत दचकून किंचाळू लागला. पहिल्याच आठवड्यात अक्कांनी त्याची उशी उचलली आणि आपल्या खोलीत नेली.

"तुला गाढ झोप लागते गं. तुझा दोष नाही, वयच तसलं. तो ओला पडून राहतो, तुला पत्ता नसतो."

"मी उठत जाईन ना, अक्का."

"तुझं चित्त जरा ठिकाणावर येऊ दे. मग ने."

चित्त ठिकाणावर आलं हे कसं ओळखायचं, ते अक्कांनी सांगितलं नाही. मानसी कुलूप लावल्यावर तीनदा ओढून बघे, गॅस बंद केल्यावर परत जाऊन त्याच्याशी डोळ्यांनी बोलून येई. भिंतीपलीकडे सुमीत खोकला की इकडे ही उठून बसे. आणि तरीही तिला गाढ झोप लागते! शेवटी तिनंच ठरवलं, एक काम हातात घेऊन ते नीट तडीस नेऊन दाखवायचं. गोधड्या. चार. एक अक्कांना, एक शेजारच्या सुलूकाकूंना, एक समोरच्या भय्यासाहेबांना आणि एक पुण्याला नणंदेला, अश्विनीला. चार गोधड्या चार घरी गेल्या की उशी परत येईल. हा हिशेब तिचा तिनंच मांडला होता आणि त्याला अक्कांची मंजुरी नव्हती, ही त्यातली बारीकशी अडचण होती.

पहिल्यांदा तिनं साड्या गच्चीवर धुतल्या. पुन्हा धुतल्या. शूचा वास गेला, पण कापराचा जाईना, आणि कुंकवाचे डाग तर प्रत्येक पाण्यात जास्तच खुलत गेले. गच्च्या लागून असल्यामुळे सुलूकाकू कठड्याला हनुवटी टेकवून हजर होत्याच.

"काय करून राहिलीस गं?"

"साड्या धुतेय काकू. गोधड्यांसाठी."

"धुतल्यात ना काल? परवा पण धुतल्यास. कुणाच्या आहेत? मेलेल्या बाईच्या तर नाहीत? बाजारात तेही विकतात हो, आपल्याला झांसा देऊन."

मेलेल्या बाईच्या नाहीत, एवढं मानसी शपथेवर सांगू शकत होती. तिनं सांगितलं.

सुलूकाकूंचा सल्ला असा होता की नुसत्या साड्यांनी उज्जैनची थंडी भागत नाही, आत कापसाची रुई हवीच. आणि अस्तराला भैरवगढ़चं छापील कापड घालावं, एकदम बढिया दिसतं. भय्यासाहेब संध्याकाळी फिरून येताना दारात थांबले. त्यांचे पणजोबा शिंदेसरकारच्या फरासखान्यात होते, त्यामुळे सतरंजीपासून तंबूपर्यंत जे जे कापड अंथरता किंवा पांघरता येतं त्याच्यावर भय्यासाहेबांचा वंशपरंपरागत अधिकार होता.

"सूनबाई, रुई घातली की ती गोधडी राहत नाही. दुलई होते. आणि दुलईला असं धावदोऱ्यानं चालत नाही. आमच्याकडे दुलईच्या कापसात हिना घालत. थंडीत अंगाला ऊब, नाकाला सुगंध."

"गोधडी म्हणा, दुलई म्हणा, पांघरायची आहे ना भय्यासाहेब?" सुलूकाकू कठड्यावरून म्हणाल्या.

"नावात गडबड झाली की वस्तू बिघडते, वहिनी."

वस्तू बिघडायला नावाची गरज नव्हती. मानसी देवास गेटला पिंजाऱ्याकडे गेली, तिथून टेम्पोत कोंबून घेत भैरवगढ़ला गेली. नदीकडेला लांबच लांब छापील कापडं वाळत पडली होती. दुकानदारानं लाल बुट्ट्यांचं अस्तर कापून दिलं आणि बजावलं, "बहनजी, सिलने से पहले नमक के पानी में जरूर डाल देना. नहीं तो रंग छोड़ेगा." ती 'हो' म्हणाली, आणि परतीच्या टेम्पोत तिला एकाएकी वाटलं की आपण निघताना गच्चीचं दार उघडं टाकलंय आणि सुमीत एकटा वर गेलाय. ती धावतपळत घरी आली. दार बंद होतं. सुमीत अक्कांच्या मांडीवर बसून पोहे खात होता. मिठाचं पाणी त्या धावपळीत डोक्यातून गेलं ते गेलंच.

शिवायला तिनं अंबिकाबाईला गाठलं. अंबिकाबाईचा नवरा कापडाच्या गिरणीत होता. गिरणी बंद पडली तशी ही घरोघरची रजयांची कामं घेऊ लागली होती. मानसी लग्न होऊन आली तेव्हा गिरणीच्या भोंग्यावर अख्ख्या फ्रीगंज मोहल्ल्याची घड्याळं चालत. आता भोंगा नव्हता. अंबिकाबाईच्या चाळीत भर सकाळी पुरुष ओट्यावर बसलेले असत, कामावर जायचे कपडे घालून, कुठेही न जाता. टीव्हीवर रोज नवं काहीतरी देशात येत होतं. ह्या ओट्यावर काहीच येत नव्हतं. मानसी तिथं गेली की तिला उगीचच आपण मोठ्यानं बोलतोय असं वाटे.

"बहनजी, इस कपड़े में कपूर की बास है," अंबिकाबाई टाका घालता घालता म्हणाली.

"पेटी में रखा था."

"पेटी में तो डामर की गोली रखते हैं." ती पुढं काही बोलली नाही. दोरा दातानं तोडला.

चार गोधड्या तयार झाल्या. आणि खरं सांगायचं तर सुंदर झाल्या. मोरपंखी, डाळिंबी, हळदी, जरीचे काठ. मानसीनं त्या घडी करून खाटेवर ठेवल्या तेव्हा तिला प्रवासानंतर पहिल्यांदा भूक लागल्यासारखं वाटलं. सुलूकाकूंची सुलूकाकूंना दिली, भय्यासाहेबांची भय्यासाहेबांना. अक्कांची अक्कांच्या पायांवर घातली. अक्कांनी काठ चाचपला, टाका नखानं ओढून बघितला. "चांगली झालीय," म्हणाल्या. मानसी थांबली. उशीचं काही बोलतील म्हणून दाराशी जरा वेळ उभी राहिली. अक्का म्हणाल्या, "दार लोट, वारा येतोय."

तिसऱ्या दिवशी भय्यासाहेब गुलाबी झाले. गळा गुलाबी, कान गुलाबी, आणि इतक्या वर्षांच्या तपश्चर्येनं पांढरीशुभ्र झालेली मिशी गुलाबी. अस्तरानं मीठ न मिळाल्याचा सूड उगवला होता. बाकीच्यांचे नुसते पाय रंगले, ते कुणाला दिसले नाहीत. रोजच्या वेळेला ते फिरायला निघाले, कारण पणजोबांपासून कुणी वेळ चुकवली नव्हती. पानवाल्यानं विचारलं, "क्या दादा, रंगपंचमी आ गई क्या?" त्यांनी उत्तर दिलं नाही. मानसीच्या दारावरून जाताना मात्र क्षणभर थांबून म्हणाले, "रंग पक्का नाही, सूनबाई." बस एवढंच. त्यांनी ओरडायला हवं होतं. मानसी दिवसभर ते वाक्य घेऊन घरात फिरली. रंग पक्का नाही, चित्त ठिकाणावर नाही, झोप गाढ आहे.

राहिली अश्विनीची. मानसीनं ती पांढऱ्या कापडात शिवली, वर पत्ता लिहिला आणि पोस्टात गेली.

"क्या है इसमें?" खिडकीतल्या बाबूनं विचारलं.

"रजाई."

"नई कि पुरानी?"

मानसीला सरळ 'नई' म्हणता आलं असतं. पण अंगात एकदा खोटं मुरलं की माणूस बारीकसारीक बाबतीत भलताच खरं बोलायला लागतो. "पुरानी साड़ियों की नई रजाई," ती म्हणाली.

"ऐसा कैसे लिखूँ? एक बात बोलो मैडम. साड़ियाँ किसकी हैं, आपकी?"

"नहीं."

"फिर किसकी?"

मागे रांग वाढत होती. कुणीतरी खाकरलं. मानसीच्या तोंडून निघून गेलं, "देवी की. मंदिर से ली हैं."

बाबू उठून उभा राहिला. त्यानं पार्सल दोन्ही हातांनी कपाळाला लावलं, मग मानसीनं आणलं होतं त्याहून कितीतरी अदबीनं परत टेबलावर ठेवलं.

"माताजी का वस्त्र है. अब इस पर गरम लाख कैसे टपकाऊँ? और ठप्पा? माताजी पर ठप्पा कैसे मारूँ, बहनजी?"

"भैया, नुसतं... सिर्फ रजाई समझ के मार दो."

"आपने बता दिया ना. नहीं बतातीं तो मार देता." मग आवाज उतरवून तो म्हणाला, "और बोरे में सबके नीचे जाएगी. गाड़ी में लोग बोरों पर पैर रख के बैठते हैं. पाप किसको लगेगा? मेरी तो छोटी-छोटी बच्चियाँ हैं."

पोस्टमास्तरांना बोलावण्यात आलं. त्यांनी चष्मा वर करून पार्सलाला नमस्कार केला आणि निर्णय दिला की मंदिरातून लेखी आणावं की ही वस्तू डाकेनं पाठवायला हरकत नाही. पाचशे कोसांवरच्या देवळातून. मानसीनं पार्सल छातीशी धरलं आणि वळली, तर रांगेत तिच्या मागेच, जाळीची पिशवी हातात घेऊन, तोंड उघडं टाकून सुलूकाकू उभ्या होत्या.

"काकू, ऐका तर..."

काकू ऐकायला थांबल्या नाहीत. स्वतःचं काम न करताच बाहेर पडल्या, आणि त्यांचा गुडघा दुखतो हे त्या दिवशी कुणाला खरं वाटलं नसतं.

मानसी घरी पोचली तेव्हा दिवाणखान्यात सभा भरलेली होती. सुलूकाकूंच्या मांडीवर त्यांची गोधडी, भय्यासाहेबांच्या हातात त्यांची, दोन्ही घड्या घालून.

"अगं, ह्यांचे पाय!" सुलूकाकू कळवळून म्हणाल्या. "रोज रात्री ह्यांचे ते भेगाळलेले पाय, तेल चोपडलेले, देवीच्या साडीवर! तरी म्हणते माझा गुडघा असा का धरला. आणि तू मला सांगतेस बाजारातून घेतल्या!"

"मेलेल्या बाईच्या नाहीत एवढंच सांगितलं होतं मी, काकू."

"मी तर," भय्यासाहेब भिंतीकडे बघत म्हणाले, "रंग लागला तेव्हापासून, कंबर धरते म्हणून, अंगाखाली घेत होतो."

ज्या घराण्यानं सिंहासनाखालचे गालिचे सांभाळले त्या घराण्यातला पुरुष देवीवर झोपला होता.

अक्का एकट्याच शांत होत्या. त्यांनी विचारलं, "देवीच्या साड्या आणल्यास, तर सांगितलं का नाहीस?"

ह्या वेळी मात्र उत्तर आपोआप आलं. दुसऱ्या खोट्याला पहिल्याइतका त्रास पडत नाही. "आशीर्वाद म्हणून आणल्या, अक्का. सगळ्यांच्या अंगावर असावा म्हणून. सांगितलं असतं तर तुम्ही पाय लावायला घाबरला असता."

अक्कांचे डोळे भरून आले. मानसीनं आठ वर्षांच्या संसारात अक्कांचे डोळे आपल्यामुळे भरलेले पाहिले नव्हते. त्यांनी आपली गोधडी आणली, देवघराजवळच्या खुर्चीवर पाटासारखी बसवली आणि तिला हळदकुंकू लावलं. बाकीच्या तीन पलंगाखालच्या पेटीत गेल्या. पेटीवर कुणी पाय ठेवून चढू नये म्हणून पेटीलाही कुंकू लागलं.

बातमी फ्रीगंजभर झाली. रोज दुपारी चार-पाच बायका येऊन खुर्चीसमोर डोकं टेकवून जाऊ लागल्या. कुणी नारळ ठेवला, कुणी मुलाच्या नोकरीसाठी नवस बोललं. मुलं कॉम्प्युटर शिकून बसलेली, मोठी माणसं गिरणी सुटून बसलेली. नवसांना तोटा नव्हता. "सुनेनं देवी घरात आणली हो," अक्का प्रत्येकीला सांगत. आणि एके दिवशी भाजी निवडता निवडता त्या म्हणाल्या, "मंगळवारी ओटी भरू देवीची. त्या दिवशी सुमीतची उशी घेऊन जा तुझ्या खोलीत. मीच उगीच शंका घेत होते."

इतके दिवस जे ऐकायला मानसीचे कान आतुरले होते ते हे. तिला आनंद व्हायला हवा होता. पण खुर्चीवरच्या गोधडीच्या ऐन मध्यावर कैरीच्या काठाचा जो हळदी तुकडा होता, तो ढिगातल्या सगळ्यात वरच्या साडीचा होता. मानसीला तो दुरूनही ओळखू येई. आणि बायकांची कपाळं नेमकी तिथंच टेकत. प्रत्येक कपाळागणिक ती मनातल्या मनात, ती साडी किती पाण्यांतून काढली ते मोजे. यशोधनला सांगितलं तर तो म्हणाला, "धुतलीयस ना? मग झालं." आणि त्यानं स्कोअर विचारायला शेजारी फोन लावला.

मंगळवारी दिवाणखाना भरला. सुलूकाकू गुडघा विसरून पुढं बसल्या होत्या. अक्कांनी नऊवारी नेसली होती. भय्यासाहेब, मिशीवर गुलाबी छटा अजून रेंगाळत असलेले, दाराशी उभे होते. मानसी ताट घेऊन उभी राहिली: खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू.

"ये रे राजा," अक्का सुमीतला म्हणाल्या. "देवीबाप्पाला जय कर. तुझ्यासाठी आलीय ती."

सुमीत हात मागे बांधून उभा राहिला. "नको."

"असं म्हणू नये. कर जय."

"त्यावर मी शू केलीय."

बायका हसल्या. एकीनं पदर तोंडाला लावला.

"कधी रे लबाडा?" सुलूकाकूंनी विचारलं.

"देवळात. तिथं खूप साड्या होत्या. मी त्यावर झोपलो होतो." आणि समजावून सांगावं तसं तो म्हणाला, "आई हरवली होती ना, तेव्हा."

आता कुणी हसलं नाही. अक्कांनी हळूच मान वळवली. "काय म्हणतोय हा?"

"स्वप्न पडलं असेल," यशोधन खिडकीजवळून म्हणाला. "रोज काहीतरी बडबडतो झोपेत. सुमीत, चल आत."

"स्वप्न नाही, बाबा! तुम्ही त्या काकांना पैसे दिले—"

"सुमीत! खोटं बोलतोस? मार खाशील."

"देवासमोर खोटं बोलू नये रे बाळा," सुलूकाकू हलक्या आवाजात म्हणाल्या.

सुमीत रडला नाही. रडला असता तर गडबडीत निभलं असतं. पोराला आत नेलं असतं, ओटी भरली असती, संध्याकाळी उशी मानसीच्या खाटेवर आली असती. त्यानं फक्त मानसीकडे पाहिलं. साड्यांच्या ढिगावर जाग आली तेव्हा पाहिलं होतं, तसंच. ती आलीय ना, एवढंच बघत होता तो.

मानसीनं ताट खाली ठेवलं. तांदळाचे दाणे सांडले.

"तो खोटं नाही बोलत," ती म्हणाली. "हरवला होता. मी हात सोडला होता."

बायका उठल्या. प्रत्येकीनं चपला शोधायला नेहमीपेक्षा फार कमी वेळ घेतला. नवस बोललेल्या बाईनं नारळ ठेवावा की परत घ्यावा ह्याचा क्षणभर विचार केला आणि घेतला. सुलूकाकू दारापुढच्या पायऱ्या उतरेपर्यंत पदरानं कपाळ पुसत होत्या. भय्यासाहेब मागे राहिले. "फरासखान्यातसुद्धा," ते घसा साफ करत म्हणाले, "लहान युवराजांच्या हातून... असो." आणि गेले.

अक्का खुर्चीसमोर बसून राहिल्या. सांडलेले दाणे ताटात गोळा करत त्यांनी विचारलं, "किती वेळ नव्हता?"

"अर्धा तास असेल. मला कळलं नाही."

"रडत होता?"

"झोपला होता."

"आणि तू?"

"मी त्याचं नाव घेत होते," मानसी म्हणाली. "दुसरं काही येत नव्हतं मला तिथं."

अक्का उठल्या. गुडघ्यावर हात टेकून उठल्या, त्यांनी आजवर असं कुणासमोर केलं नव्हतं. आपल्या खोलीत गेल्या आणि सुमीतची उशी घेऊन आल्या. मानसीच्या खाटेवर ठेवली, वरची सुरकुती हातानं काढली.

"मंगळवारी ने म्हटलं होतं. मी शब्द फिरवत नाही." दाराशी जाऊन थांबल्या. "पण आता झोपायचं नाहीस तू."

रात्री अक्का जेवल्या नाहीत. यशोधन न विचारता दोनदा जेवला. मानसीनं सुमीतला कुशीत घेतलं तेव्हा गारठा पडला होता आणि त्याचं जुनं पांघरूण अक्कांच्या खोलीत राहिलं होतं. ते आणायला जायची तिची छाती झाली नाही. ती देवघरापाशी गेली, खुर्चीवरची गोधडी उचलली, नारळाच्या शेंडीचा एक धागा झटकला आणि ती त्याच्या अंगावर घातली.

"आई, तू परत हरवशील?"

"नाही."

"हरवलीस तर मी तिथंच झोपीन. साड्यांवर. तू तिथंच ये."

"बरं," ती म्हणाली.

सकाळी गोधडी ओली होती. आजवर असं काही असलं की मानसी ते न्हाणीघरात वाळवायची, दार लावून, अंधारात. आज ती गोधडी घेऊन गच्चीवर गेली आणि रस्त्याच्या बाजूच्या दोरीवर टाकली. धुकं अजून उतरलं नव्हतं. पलीकडच्या कठड्यावर सुलूकाकूंची हनुवटी हळूहळू वर आली, जरा घुटमळली.

"काय गं, देवीला धुतलंस?"

"नाही काकू," मानसी म्हणाली, आणि आवाज रस्त्यापर्यंत जाईल असाच लागला. "सुमीतनं रात्री भिजवली."

हनुवटी खाली गेली.

मागे जिन्यात पावलं वाजली. अक्का वर आल्या. त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. त्याही झोपल्या नव्हत्या. दोरीपाशी येऊन त्यांनी गोधडीकडे पाहिलं, मग मानसीकडे. मानसीनं मान खाली घातली नाही. घालावी असं तिला वाटत होतं.

"बी.एस्सी. ना तू?" अक्का म्हणाल्या.

मानसीनं मान डोलावली.

अक्कांनी गोधडी दोरीवरून ओढली, कुंकवाच्या डागांसकट उलटी केली, आणि ओली बाजू उन्हाकडे करून परत टाकली. ऊन अजून आलेलं नव्हतं. दोघी तिथंच उभ्या राहिल्या, ते येईपर्यंत.